गाडीतील रेडिओवरून मिळणारी वाहतुकीची डिजिटल माहिती: नवख्या वाहनचालकांसाठी मार्गदर्शक

एफएम रेडिओवर गाणे किंवा बातम्या सुरू असतात, तेव्हा त्याच लहरीवरून कानाला ऐकू न येणारी आकड्यांची एक बारीक धारही गाडीत येत असते. पुढे अपघात झाला आहे, बोगदा बंद आहे, रस्त्यावर जनावर आले आहे, अशा सूचना या धारेतून येतात आणि नॅव्हिगेशनच्या पडद्यावर लाल रेषेच्या किंवा छोट्या त्रिकोणाच्या रूपाने उमटतात. नवख्या वाहनचालकाला बहुधा असे वाटते की ही वाक्ये कोणीतरी टाइप करून पाठवतो आणि यंत्र ती जशीच्या तशी दाखवते. प्रत्यक्षात येणाऱ्या संदेशात शब्द नसतात आणि नकाशाही नसतो. त्यात केवळ आकडे असतात आणि त्या आकड्यांचा अर्थ लावणारी सारणी आपल्याच गाडीत बसवलेली असते. ही एक गोष्ट नीट समजली की यंत्राच्या पुष्कळशा अनाकलनीय वागण्याचा उलगडा होतो, म्हणून पुढील पायऱ्या तिच्याच आधाराने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: आपल्या गाडीत नेमके काय आहे ते पाहावे

वाहतुकीची माहिती रेडिओवरून तीन निरनिराळ्या प्रकारांनी येते आणि एकाच गाडीत हे तिन्ही प्रकार असू शकतात. पहिला प्रकार बोलक्या निवेदनाचा आहे: केंद्रावरील निवेदक वाहतुकीची बातमी वाचतो आणि एक डिजिटल खूण रेडिओला ते निवेदन सुरू झाल्याचे कळवते. दुसरा प्रकार टीएमसी, म्हणजे ट्रॅफिक मेसेज चॅनेल, हा असून त्यात संकेतांकांचे संदेश थेट नॅव्हिगेशनकडे जातात. तिसरा आणि सर्वांत नवा प्रकार टीपेग हा आहे. तो मुख्यतः डॅब या डिजिटल रेडिओवरून किंवा इंटरनेटवरून येतो.

रेडिओच्या पडद्यावर टीपी किंवा टीए ही अक्षरे दिसत असतील तर पहिला प्रकार उपलब्ध आहे. नॅव्हिगेशनच्या वाहतूकविषयक सेटिंगमध्ये टीएमसी हे नाव किंवा माहिती देणाऱ्या केंद्राचे नाव दिसत असेल तर दुसरा प्रकार आहे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत या तिन्ही नावांचा शोध घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण काही गाड्यांत रेडिओला ही सोय असते पण नॅव्हिगेशनला ती जोडलेली नसते. शिवाय ज्या भागात कोणतीही प्रसारण संस्था हे संदेश पाठवतच नाही, तिथे उत्तम यंत्रही गप्प राहते. तेव्हा सेवा उपलब्ध आहे का हे आधी तपासावे आणि मगच यंत्राला दोष द्यावा.

या सर्वांचा पाया आरडीएस, म्हणजे रेडिओ डेटा सिस्टीम, ही पद्धत आहे. जर्मनीत १९७४ मध्ये वाहतुकीची निवेदने ओळखणारी एआरआय नावाची व्यवस्था सुरू झाली होती आणि ती ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर, म्हणजे मुख्य लहरीवर स्वार झालेल्या दुय्यम लहरीवर, चालत असे. पुढे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९८४ मध्ये आरडीएसची पद्धत निश्चित केली, तेव्हा तीही याच ५७ किलोहर्ट्झवर बसवण्यात आली आणि जुन्या यंत्रांना त्रास होणार नाही अशी काळजी घेण्यात आली. स्टिरिओ प्रसारणातील १९ किलोहर्ट्झच्या मार्गदर्शक सुराची ही बरोबर तिप्पट आहे.

दुसरी पायरी: बोलक्या निवेदनाची सोय सुरू करावी

ही पायरी सोपी आहे. टीपी ही खूण सांगते की हे केंद्र वेळोवेळी वाहतुकीची निवेदने देते. टीए ही खूण सांगते की या क्षणी निवेदन सुरू आहे. रेडिओवरील टीए बटण एकदा दाबून ही सोय सुरू केली की, आपण फोनवरील गाणी ऐकत असलो तरी निवेदनाच्या वेळी रेडिओ मध्ये येतो आणि निवेदन संपले की पुन्हा गाणी सुरू होतात. निवेदनाचा आवाज बहुतेक रेडिओंत वेगळा ठरवता येतो. तो एकदा शांतपणे, गाडी उभी असताना ठरवून ठेवावा, कारण अचानक मोठ्याने सुरू झालेल्या आवाजाने चालक दचकणे रस्त्यावर घातक ठरू शकते. निवेदन संपल्यावर केंद्राकडून खूण काढायची राहून गेली तर रेडिओ त्याच केंद्रावर अडकून राहतो. अशा वेळी टीए बटण पुन्हा दाबले की सुटका होते.

तिसरी पायरी: टीएमसीचे केंद्र मिळू द्यावे आणि थोडा धीर धरावा

प्रत्येक एफएम केंद्र टीएमसीचे संदेश पाठवत नाही. गाडीत कायम बसवलेल्या अनेक यंत्रांत केवळ याच कामासाठी दुसरा ट्यूनर असतो, त्यामुळे आपण कोणतेही केंद्र ऐकत असलो तरी तो पार्श्वभूमीला योग्य केंद्र शोधत राहतो. एकच ट्यूनर असलेल्या यंत्रात मात्र संदेश देणारे केंद्रच लावून ठेवावे लागते. काचेवर चिकटवायच्या सुट्या नॅव्हिगेशन यंत्रांत टीएमसीची अँटेना पुष्कळदा चार्जिंगच्या तारेतच असते किंवा स्वतंत्र बारीक तारेच्या रूपाने येते. ती तार गुंडाळून कप्प्यात टाकली की यंत्राला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणून ती समोरच्या काचेच्या कडेने सरळ पसरवून लावावी. काचेवर धातूचा मुलामा असेल तर लहरी अडतात. अशा गाडीत मुलामा नसलेली जागा शोधून तार तिथे न्यावी.

गाडी सुरू केल्याबरोबर सर्व कोंड्या दिसाव्यात अशी अपेक्षा धरू नये, आणि याचे कारण साध्या हिशेबात आहे. आरडीएसचा वेग सेकंदाला ११८७.५ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एकेक अंक) इतकाच आहे. हे बिट १०४ च्या गटांत येतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.४ गट, आणि या गटांतून केंद्राचे नाव, कार्यक्रमाचा प्रकार, पर्यायी लहरींची यादी हे सर्व जावे लागते. समजा केंद्राने दर चौथा गट वाहतुकीला दिला, तर सेकंदाला तीनपेक्षाही कमी गट हाती येतात. त्यातही चालत्या गाडीत लहर सतत कमीजास्त होत असल्याने एकच गट लागोपाठ पुन्हा पाठवला जातो आणि यंत्र तो किमान दोनदा सारखाच मिळाल्यावर खरा मानते. म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक संदेश पदरात पडतो. मोठ्या प्रदेशात दोनशे-तीनशे संदेश चालू असतील तर सर्व यादी एकदा पूर्ण होण्यास कित्येक मिनिटे लागतात. निघण्यापूर्वी यंत्र थोडा वेळ आधी सुरू करून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

चौथी पायरी: एक संदेश स्वतः वाचून पाहावा

माझ्या मते नवख्या माणसाने या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. टीएमसीचा संदेश अलर्ट-सी नावाच्या नियमावलीप्रमाणे बनतो आणि ही नियमावली आयएसओ १४८१९ या मानकात दिली आहे. आरडीएसच्या गटात चार भाग असतात आणि प्रत्येक भागात माहितीचे १६ व तपासणीचे १० बिट असतात. वाहतुकीच्या संदेशासाठी ८ए हा गट वापरतात. त्यातील पहिला भाग केंद्राच्या ओळखीसाठी आणि दुसऱ्यातील बहुतेक जागा इतर खुणांसाठी खर्च होते. वाहतुकीसाठी उरतात ते केवळ ३७ बिट. एवढ्या जागेत संपूर्ण सूचना बसवायची असल्याने शब्दांना तिथे स्थानच नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा तिसऱ्या भागात ०००१०००००११००१०१ ही सोळा बिटांची ओळ आली. यात एक शून्य कमीजास्त झाले तरी सर्व अर्थ बदलतो, आणि म्हणूनच दहा तपासणी बिटांची सोबत लागते. या ओळीतला पहिला बिट पर्यायी मार्ग घेण्याचा सल्ला आहे की नाही ते सांगतो; इथे तो शून्य आहे, म्हणजे सल्ला नाही. दुसरा बिट दिशेचा आहे. त्यापुढील तीन बिट, ०१०, म्हणजे दोन, हे कोंडीची लांबी सांगतात. उरलेले अकरा बिट ००००११००१०१ असे असून त्यांचा दशमान आकडा १०१ होतो. घटनांच्या सारणीत १०१ म्हणजे ठप्प झालेली वाहतूक. ११५ असते तर संथ वाहतूक, २०१ असते तर अपघात आणि ४०१ असते तर रस्ता बंद. अकरा बिटांत २,०४८ आकडे बसतात, त्यामुळे धुके, बर्फ, उलट्या दिशेने येणारे वाहन, रस्त्यावर सांडलेले तेल अशा अनेक प्रसंगांना स्वतंत्र आकडा देता येतो.

चौथ्या भागातील सोळाही बिट ठिकाणाचे असतात. त्यांतून मिळणारा आकडा, समजा १२,३४५, हा अक्षांश-रेखांश नाही आणि त्या आकड्यातच रस्त्याबद्दल काही दडलेलेही नाही. तो केवळ एका सारणीतील ओळीचा क्रमांक आहे. त्या ओळीत चौकाचे किंवा महामार्गावरील बाहेर पडण्याच्या फाट्याचे नाव, तो कोणत्या रस्त्यावर आहे, त्याच्या पुढचे ठिकाण कोणते आणि मागचे कोणते, हे लिहिलेले असते. लांबीचे तीन बिट याच साखळीवर चालतात: दोन म्हणजे मूळ ठिकाणापासून साखळीतील दोन ठिकाणे ओलांडून.

दिशेच्या बिटाबाबत मात्र बहुतेकांचा गोंधळ होतो. मूळ ठिकाण म्हणजे जिथे अडथळा आहे ती जागा, आणि दिशेचा बिट सांगतो की रांग कोणत्या बाजूला वाढत आहे. रांग नेहमी अडथळ्याच्या मागे वाढते, म्हणजे वाहने जिकडे चालली आहेत त्याच्या उलट. म्हणून हा बिट वाहनांची दिशा दाखवतो असे समजणारा माणूस कोंडी रस्त्याच्या विरुद्ध बाजूवर रंगवतो. स्वतः संदेश उलगडून पाहणाऱ्यांनी ही बाब कागदावर छोटे चित्र काढूनच समजून घ्यावी.

दुसऱ्या भागात वाहतुकीसाठी उरलेल्या पाच बिटांपैकी तीन कालावधीचे असतात आणि चालू घटनांसाठी ते पंधरा मिनिटांपासून दिवस संपेपर्यंतचा अंदाज देऊ शकतात. संदेश ताजा होत राहिला नाही तर यंत्र तो मुदतीनंतर आपोआप पुसून टाकते. जास्त तपशील द्यायचा असेल, उदाहरणार्थ वेगमर्यादा किंवा सुरू होण्याची वेळ, तर एकाच संदेशासाठी दोन ते पाच गट वापरले जातात.

या रचनेचा एक मोठा लाभ भाषेचा आहे. आकड्याला भाषा नसल्यामुळे परक्या देशातून जाणाऱ्या चालकालाही सूचना त्याच्याच भाषेत दिसते. १०१ चे भाषांतर त्याच्या यंत्रातील सारणी करते.

पाचवी पायरी: ठिकाणांची सारणी ताजी ठेवावी

आता हे उघड आहे की संदेश कितीही अचूक असला तरी गाडीतील सारणी जुनी असेल तर तो व्यर्थ जातो. नवा फाटा बांधला गेला, सारणीत त्याला नवा क्रमांक मिळाला आणि प्रसारकाने तो वापरण्यास सुरुवात केली, तरी आपल्या यंत्राला तो क्रमांक ठाऊकच नसतो. मग यंत्र तो संदेश काही न बोलता सोडून देते. पडद्यावर काही दिसत नाही आणि चालक समजतो की रस्ता मोकळा आहे. ठळकपणे बिघडलेल्या यंत्रापेक्षा असे मूक यंत्र मला अधिक काळजीचे वाटते.

सारणी ही सहसा नकाशाबरोबरच येते. म्हणून नकाशा अद्ययावत करताना त्यासोबत टीएमसीची सारणीही बदलते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. प्रत्येक देशाची सारणी वेगळी असते आणि तिला स्वतःचा क्रमांक असतो. जर्मनीत ही यादी राखण्याचे काम बास्ट ही सरकारी महामार्ग संशोधन संस्था करते. सीमा ओलांडून प्रवास करणार असाल तर पलीकडच्या देशाची सारणीही यंत्रात आहे याची खात्री घरूनच करून निघावे.

सोळा बिटांत जास्तीत जास्त ६५,५३६ क्रमांक बसतात, त्यामुळे सारणीत मुख्यतः महामार्ग आणि मोठे रस्तेच असतात. गल्लीबोळांतील कोंडी टीएमसीवर दिसणार नाही आणि तो यंत्राचा दोष नाही.

सहावी पायरी: मार्ग बदलण्याचा अधिकार यंत्राला किती द्यायचा ते ठरवावे

बहुतेक नॅव्हिगेशन यंत्रांत तीन पर्याय असतात: मार्ग आपोआप बदलावा, आधी विचारावे, किंवा केवळ माहिती दाखवावी. सुरुवातीचे काही आठवडे विचारण्याचा पर्याय ठेवावा. कोंडीमुळे किती मिनिटे जातील याचा हिशेब यंत्र घटनेच्या क्रमांकावरून आणि लांबीवरून अंदाजाने करते, आणि लांबी साखळीतील ठिकाणांत मोजलेली असल्यामुळे दोन फाट्यांमधील अंतर मोठे असेल तर पाचशे मीटरची रांगही संपूर्ण टप्प्यावर रंगवली जाते. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर यंत्राचा अंदाज कितपत जुळतो हे पाहूनच त्याला मोकळीक द्यावी. सेटिंगमध्ये कोणताही बदल गाडी उभी असतानाच करावा.

इथेच मोफत आणि सशुल्क सेवांचा प्रश्न येतो. काही प्रसारक ठिकाणाचा क्रमांक कूटबद्ध करून पाठवतात, त्यामुळे शुल्क न भरलेल्या यंत्राला घटना कळते पण ती कुठे घडली हे कळत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत युरोपीय संघाने २०१३ च्या ८८६ क्रमांकाच्या नियमाने आठ प्रकारच्या सूचना, शक्य असेल तिथे, वापरणाऱ्याला विनामूल्य मिळाव्यात असे ठरवले. त्यांत तात्पुरता निसरडा रस्ता, रस्त्यावरील जनावरे, माणसे वा अडथळे, संरक्षण नसलेली अपघाताची जागा, अल्पकालीन दुरुस्ती, कमी दृश्यमानता, उलट्या दिशेने येणारे वाहन, अचानक बंद झालेला रस्ता आणि असाधारण हवामान यांचा समावेश आहे. हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो, कारण समोरून उलट येणाऱ्या वाहनाची सूचना पैसे भरलेल्यालाच मिळावी हे कोणत्याही रस्त्यावर समर्थनीय नाही.

सातवी पायरी: डॅब आणि टीपेगकडे वळताना

टीपेगचे काम १९९७ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या पुढाकाराने सुरू झाले आणि आज त्याची जोपासना टिसा ही संघटना करते. त्याच्या मुळाशी जागेचा प्रश्न आहे. तपासणीचे बिट वगळले तर संपूर्ण आरडीएसमध्ये सेकंदाला सुमारे ७३० बिट माहिती मावते. डॅबमध्ये एखाद्या सेवेला दिलेला भाग ८ किलोबिटच्या पटीत असतो, म्हणजे तिथला सर्वांत लहान वाटाही जवळपास अकरापट मोठा आहे. या मोकळ्या जागेत केवळ घटनाच नव्हे, तर रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावरील वेग, पुढील काही काळाचा अंदाज, वाहनतळांवरील रिकाम्या जागा आणि हवामान हेही पाठवता येते.

ठिकाण सांगण्याची रीतही इथे बदलू शकते. टीपेगमध्ये जुने टीएमसी क्रमांक वापरता येतातच, पण त्याखेरीज ओपन-एलआरसारख्या पद्धतीने रस्त्याचे वर्णनच पाठवता येते: अमुक निर्देशांक, अमुक दर्जाचा रस्ता, अमुक दिशा, पुढच्या बिंदूपर्यंत अमुक अंतर. यंत्र त्या वर्णनावरून आपल्याच नकाशात जुळणारा रस्ता शोधते, त्यामुळे आधी वाटलेल्या सारणीची अट राहत नाही आणि लहान रस्तेही कक्षेत येतात. नकाशा मात्र इथेही ताजा हवा; जो रस्ता नकाशातच नाही तो कोणत्याही वर्णनाने सापडत नाही.

नवी गाडी घेताना हा विचार टाळू नये. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रसारण बंद केले आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीस तेच केले. एफएम बंद झाले की त्यावर स्वार झालेले टीएमसीही जाते. जपानने तर सुरुवातीपासून वेगळी वाट धरली: तिथे १९९६ पासून व्हिक्स ही व्यवस्था ७६ किलोहर्ट्झच्या उपवाहकावरून सेकंदाला १६ किलोबिटच्या वेगाने माहिती पाठवते आणि चालकाला ती मजकूर, साधी आकृती किंवा नकाशा अशा तीन रूपांत दिसते. एका देशासाठी बनवलेले यंत्र दुसऱ्या देशात नेल्यास ते मुके होण्याची शक्यता असते, याचे कारण हेच.

आठवी पायरी: ज्यांना आत डोकावून पाहायचे आहे त्यांच्यासाठी

संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर हा स्वस्त रिसीव्हर आणि रेडसी हा मुक्त प्रोग्रॅम एवढ्या साहित्यावर, संदेश पाठवणारे केंद्र जवळ असेल तर, घरबसल्या आरडीएसचे गट वाचता येतात. आधी ३ए हा गट शोधावा. त्यात सीडी४६ हा संकेत दिसला की केंद्र अलर्ट-सी पाठवत आहे असे समजावे. ठिकाण-सारणीचा क्रमांकही याच गटातून मिळतो. त्यानंतर ८ए गटांची नोंद करावी आणि चौथ्या पायरीत दाखवल्याप्रमाणे एखादा संदेश हाताने उलगडावा. ऐकण्याबाबतचे कायदे देशागणिक निराळे आहेत, ते आधी पाहावेत. कूटबद्ध सशुल्क सेवा फोडण्याच्या भानगडीत पडू नये.

आणि प्रक्षेपण तर मुळीच करू नये. आंद्रेआ बारिसानी आणि दानिएले बियांको या संशोधकांनी २००७ मध्ये कॅनसेकवेस्ट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत दाखवून दिले की साध्या उपकरणांनी खोटे टीएमसी संदेश जवळच्या नॅव्हिगेशन यंत्रांत घुसवता येतात, कारण संदेश कोणी पाठवला याची खातरजमा करण्याची सोयच या रचनेत नाही. तपासणीचे बिट केवळ चुका ओळखतात, लबाडी नाही. पडद्यावर एखादी अगदीच अविश्वसनीय सूचना दिसली तर ती बोलक्या निवेदनाशी, रस्त्याकडेच्या फलकांशी आणि समोर डोळ्यांना दिसणाऱ्या रस्त्याशी ताडून पाहावी.

उलगडलेला क्रमांक सारणीत भलत्याच प्रदेशातील ठिकाण दाखवत असेल, तर बहुधा सारणी चुकीची असते. अशा वेळी ३ए गटातील सारणी-क्रमांक आपल्याकडील सारणीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे प्रथम पाहावे. तो जुळत असूनही ठिकाण पटत नसेल तर सारणीची आवृत्ती तपासावी, आणि ठिकाण बरोबर पण कोंडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला दिसत असेल तर दिशेचा बिट पुन्हा एकदा कागदावर मांडून पाहावा.